जखम वेळेत भरली पाहिजे

तोंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं की पुढचा शेक, म्हणजे रेडिएशन, साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा डॉक्टरांचा आग्रह असतो. उशीर झाला तर मागे राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींना वाढायला सवड मिळते. पण टाके उसवलेले असतील, गळ्यावरच्या भोकातून लाळ झिरपत असेल, तर शेक सुरू करता येत नाही. कॅन्सर काढणाऱ्या सर्जनने कितीही सफाईने गाठ काढलेली असो, जखम भरली नाही तर पुढचं सगळं अडतं. ती भरून आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला लोक ओळखतात ते नाक सरळ करणारा, सुरकुत्या घालवणारा डॉक्टर म्हणून. तो प्लास्टिक सर्जन.

गोंदिया जिल्ह्यात त्याचं काम पानठेल्यापासून सुरू होतं. सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. कामावर जाताना खिशात पुडी असते आणि एक चिमूट गालात तासन्‌तास राहते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळपास एक जण बिनधुराची तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. त्यात सुपारीची भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक ठरवलं. सुपारीने गालाचं आतलं अस्तर आधी पांढुरकं, मग ताठ होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात पुढे दोन मावतात, मग एक.

गोंदियात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालं. तरी कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनसाठी सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावचा माणूस बहुधा नागपूरचीच गाडी धरतो. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. तिथे ‘मेडिकल’ म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था. त्यापुढे मुंबईचं टाटा, १९४१ पासूनचं.

ऑपरेशनच्या टेबलावर दोन सर्जनांचे हेतू एकमेकांच्या उलट असतात. कॅन्सर सर्जनला गाठीभोवतीचा सेंटिमीटरभर निरोगी भागही काढून टाकायचा असतो. गाल, हिरडी, जबड्याचं हाड, कधी बाहेरची कातडीसुद्धा. उरलेलं खिंडार बुजवायला पुरेसा माल आहे, असा विश्वास असला तरच त्याचा हात मोकळा चालतो. तो विश्वास प्लास्टिक सर्जन देतो. जबड्याचा समोरचा भाग नुसता काढून टाकला तर हनुवटी आत जाते, जिभेचा आधार सुटून ती मागे पडते आणि लाळ सतत गळत राहते. असा माणूस कॅन्सरमधून वाचला तरी चारचौघांत जेवायला बसत नाही.

माल आणायचा तो रुग्णाच्याच अंगावरून. यातला एक मूळ नियम महाराष्ट्राने दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांना दाखवला. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडून त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ कुंभार जातीतल्या एका वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. त्या वैद्याने कपाळाची कातडी पूर्ण तोडली नव्हती. दोन भुवयांच्या मधे तिचा देठ राखला होता आणि नवी जागा तिला धरेपर्यंत तिचं रक्त त्या देठातून येत होतं. कातडी हलवा, मांस हलवा, हाड हलवा, पण त्याचा रक्तपुरवठा जपा. आजचा प्रत्येक ‘फ्लॅप’, म्हणजे असा हलवलेला तुकडा, याच नियमावर जगतो. स्वतंत्र भारतात हे शास्त्र रुजलं त्यातही नागपूरचा वाटा मोठा. देशातल्या प्लास्टिक सर्जरीच्या पहिल्या स्वतंत्र विभागांपैकी एक नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला.

छातीच्या मोठ्या स्नायूचा फ्लॅप १९७९ मध्ये अमेरिकेतले सर्जन स्टीफन अरियन यांनी मांडला आणि तो भारतातल्या कॅन्सर वॉर्डांचा आधार झाला. छातीचा स्नायू वरच्या कातडीसकट उचलायचा, गळ्याच्या कातडीखालून बोगदा करून तोंडात न्यायचा. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, रक्तपुरवठा भरवशाचा. अडचण एकच: छातीवर केस असलेल्या पुरुषाच्या गालात पुढे केस उगवतात! शेक दिल्यावर ते बरेचदा झडतात. नाही झडले तर रुग्ण आरशासमोर उभा राहून कात्रीने गालाच्या आतले केस कापतो.

हाडच गेलं असेल तर मात्र पायाकडे वळावं लागतं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचं बारीक, लांब हाड असतं. शरीराचा भार बहुतेक सगळा नडगीच पेलते, त्यामुळे फिब्युलाचा मधला मोठा तुकडा काढला तरी माणूस चालू शकतो. घोट्याजवळचे सहा-सात सेंटिमीटर तेवढे राखायचे, नाहीतर पाऊल डळमळतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी या हाडाने जबडा बनवून दाखवला.

एक पथक तोंडाशी, दुसरं पायाशी. सरळ हाडाला जबड्याचा बाक द्यायचा म्हणून त्यातून पाचरीसारखे तुकडे कापून काढतात आणि उरलेले भाग कोनात जोडून टायटॅनियमच्या पट्टीवर स्क्रूने बसवतात. हे सगळं होईपर्यंत हाड बरेचदा पायाच्या रक्तावरच ठेवलेलं असतं. मग तो क्षण येतो. धमनी आणि शीर कापली जाते, हाड पायापासून सुटतं आणि मिनिटं मोजायला सुरुवात होते. सूक्ष्मदर्शकाखाली गळ्यातली दोन-तीन मिलिमीटरची धमनी पायाच्या धमनीला, शीर शिरेला, केसाहून बारीक दोऱ्याने शिवतात. चिमटे सोडले की हाडासोबत आलेल्या, पांढुरक्या पडलेल्या कातडीवर लाली चढते आणि हाडाच्या कापलेल्या कडेतून रक्त पाझरू लागतं. तोवर आठ-दहा तास उलटलेले असतात.

खरी धाकधूक त्यानंतरची. पहिले दोन दिवस रात्रंदिवस, तासातासाला निवासी डॉक्टर टॉर्च घेऊन तोंडात बघतात. बोटाने दाबून सोडलं की रंग परत यायला दोनेक सेकंद लागले पाहिजेत. सुईने टोचलं की लालभडक रक्त यायला हवं. काळपट रक्त भराभर आलं तर शीर तुंबली, टोचूनही काही आलं नाही तर धमनी बंद. दोन्ही वेळा रुग्णाला त्याच रात्री पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. सरावलेल्या केंद्रांत शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास फ्लॅप जगतात.

पूर्व विदर्भातल्या सर्जनला आणखी एक हिशेब करावा लागतो, तो सिकलसेलचा. या पट्ट्यात, आदिवासी आणि इतरही समाजांत, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्राणवायू कमी पडला, थंडी वाजली, अंगातलं पाणी घटलं की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. फिब्युला काढताना रक्त थांबवायला मांडीवर पट्टा आवळतात आणि फ्लॅप काही काळ रक्ताविना राहतो. सिकलसेलच्या रुग्णात दोन्ही गोष्टी धोक्याच्या. त्यात घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा हा या आजाराचाच एक त्रास. म्हणून आधी रक्त तपासायचं. फक्त वाहक असेल तर काळजी घेऊन पुढे जाता येतं. आजार असेल तर पट्टा टाळायचा, अंग उबदार ठेवायचं, गरजेप्रमाणे रक्त द्यायचं, आणि कित्येकदा फिब्युलाचा नाद सोडून छातीच्या फ्लॅपवरच समाधान मानायचं.

जखम भरते कशी, यावरचं संशोधन या सगळ्याच्या पाठीशी आहे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर झाकून ठेवलेली जखम उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने भरते. जखम ओलसर ठेवणारी महागडी ड्रेसिंगं आपल्या वॉर्डांना परवडणारी नव्हती. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याची सालं कापडावर चिकटवून भाजलेल्या मुलांना लावली आणि १९८५ मध्ये ते काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग भाजलेल्या जागेवर आणि मांडीवरून कातडी काढलेल्या जागेवरही वापरून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून बदलताना रुग्ण विव्हळत नाही. देशातली पहिली त्वचापेढी त्यांनीच २००० मध्ये सायनला सुरू केली.

भाजलेल्या जखमेचं सगळं शहाणपण कॅन्सरच्या जखमेला मात्र लागू होत नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये लिहिलं की गाठ ही न भरणारी जखमच असते. जखम भरताना शरीर नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी वाढवायचे जे हुकूम देतं, तेच हुकूम कॅन्सर स्वतःसाठी वापरतो. त्यामुळे पेशी वाढवणारी औषधं इथे जपून वापरायची. स्पंज लावून जखम यंत्राने शोषत ठेवण्याची पद्धत १९९७ पासून जगभर पसरली. पण त्या जखमेत कॅन्सर शिल्लक असेल तर तीही चालत नाही. शेकामुळे कडक झालेल्या कातडीखाली रुग्णाचीच चरबी टोचली तर ती मऊ पडते, असं इटलीतले जिनो रिगोटी यांनी २००७ मध्ये दाखवलं. त्या वाटेवरही कॅन्सरला बळ मिळण्याची शंका सोबत असल्याने पुढचा अभ्यास सावधपणे चालला आहे.

वॉर्डात यातलं बरंच काही साध्या गोष्टींवर ठरतं. महिनोन्‌महिने तोंड नीट न उघडलेला माणूस पेजेवर राहिलेला असतो. ऑपरेशनला येतो तोच हाडं निघालेला, रक्त कमी असलेला. नाकातल्या नळीतून नुसतं वरणाचं पाणी गेलं तर टाके धरत नाहीत. दूध, अंडी, सोयाबीन वाटून, गाळून द्यावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन आणि शेक बसतो, पण सोबत आलेल्या माणसाची रोजी आणि गाडीभाडं त्यात धरलेलं नसतं. शेकाच्या सहा आठवड्यांत धानाची रोवणी किंवा कापणी आली की कित्येक जण उपचार अर्धा टाकून गावी परततात.

आणि यातलं पुष्कळ टाळता येतं. तोंडातला चट्टा किंवा व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर गोंदियाच्या मेडिकलमध्ये किंवा जवळच्या दंतवैद्याकडे दाखवून तुकडा तपासायला देता येतो. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि वरवरची असेल, गळ्यात पसरलेली नसेल, तर गाल कापून तिथल्या तिथे शिवता येतो किंवा मांडीची पातळ कातडी लावली की भागतं. पायाचं हाड काढावं लागत नाही, शेकही बहुतेकदा लागत नाही, आणि पऱ्हे टाकताना ऑपरेशनला गेलेला माणूस रोवणीला परत बांधावर असतो.