अवधाण का येतं?

पायाच्या बोटाला ठेच लागते, जखम चिघळते आणि दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. हे अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. जखमेतले जंतू लसिका नावाच्या पाणीदार द्रवाबरोबर वर येतात, तिथे पांढऱ्या पेशी त्यांना अडवतात आणि झपाट्याने वाढतात. काखेत, मानेत, पोटातही अशा शेकडो ग्रंथी आहेत. प्लीहा आणि टॉन्सिल याच लसिकासंस्थेतले.

केशवाहिन्यांतून पाझरलेलं बरंचसं पाणी पेशींभोवती उरतं. ते, म्हणजेच लसिका, गोळा करून रक्तात परत नेणं हे लसिकावाहिन्यांचं रोजचं काम. दिवसाला साधारण 3 लिटर. या प्रवाहाला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, चालताना दाबले जाणारे स्नायू आणि श्वास यांच्या जोरावर लसिका वर चढते. झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. अखेर ती मानेच्या मुळाशी शिरांत मिसळते. आतड्यातली चरबीही याच वाटेने रक्तात जाते. मिलानमध्ये 1622 साली गास्पारे आसेल्ली यांना नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात या दुधाळ वाहिन्या दिसल्या.

हत्तीरोगात डासांमार्फत आलेले कृमी नेमके या वाहिन्यांत राहतात, झडपा निकामी होतात आणि पाणी पायातच साचतं. विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर भागात, हे दुखणं जुनं आहे. सुजलेला पाय रोज साबणाने धुवावा, बोटांमधली जागा कोरडी ठेवावी, बसताना पाय उंचावर घ्यावा. हत्तीरोगाविरुद्धच्या गोळ्या वाटायला आरोग्य कर्मचारी दारात आले, तर त्या त्यांच्यासमोरच घ्याव्यात.