पावतीपुस्तकावर उभे राहिलेले देवबंद

१८५७च्या उठावाला दहा वर्षेही झाली नव्हती. दिल्लीची बादशाही संपली होती. मदरशांना पोसणारे नवाब आणि जहागीरदार एकतर बुडाले होते किंवा इंग्रजांच्या मर्जीवर तगून होते. अशा काळात, ३० मे १८६६ रोजी, सहारनपूर जिल्ह्यातल्या देवबंद या कसब्यात छत्ता मशिदीच्या आवारात, डाळिंबाच्या झाडाखाली एक मदरसा सुरू झाला. शिक्षक एकच, मुल्ला महमूद. पहिल्या विद्यार्थ्याचे नाव महमूद हसन. हीच ‘दारुल उलूम देवबंद’. या संस्थेची आपल्याकडे आठवण होते ती बहुधा फतव्यांच्या बातम्यांपुरती. मला मात्र तिने घडवलेली लोकवर्गणीची रीत अधिक मोलाची वाटते.

आठ कलमे

संस्थेसाठी पहिली वर्गणी हाजी आबिद हुसैन यांनी रुमालाची झोळी करून दारोदार फिरून गोळा केली, असे संस्थेच्या इतिहासात नोंदले आहे. संस्थापकांपैकी एक मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी पुढे तिच्यासाठी आठ तत्त्वे लिहून ठेवली. देणगीदार वाढवत राहावे, विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय चालू ठेवावी, मोहतमिमाने म्हणजे व्यवस्थापकाने सल्लामसलतीनेच काम करावे, सल्लागारांनी आपल्याच मताचा हट्ट धरू नये, अशी ही कलमे. त्यातले सर्वांत धाडसी कलम पैशाविषयीचे आहे. जहागीर, कारखाना, व्यापार किंवा एखाद्या श्रीमंताचा शब्द असे खात्रीचे उत्पन्न संस्थेला नसलेलेच बरे; ते आले की ईश्वरावरची भिस्त सुटेल आणि माणसांत भांडणे लागतील. सरकारचा आणि धनिकांचा सहभागही त्यांनी अपायकारक मानला. नावाची हाव नसलेल्यांची देणगीच त्यांना बरकतीची वाटे.

हिशेबाची शिस्त

ही नुसती श्रद्धा नव्हती, तिला कारभाराची जोड होती. इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी १९८२च्या ग्रंथात दाखवले आहे, की घराणी आणि मशिदी यांच्या आश्रयाने चालणाऱ्या जुन्या मदरशांपेक्षा देवबंदची घडण वेगळी होती. पगारी शिक्षक, ठरलेला अभ्यासक्रम, लेखी परीक्षा, ग्रंथालय हे सारे तिने स्वीकारले. वार्षिक अहवालात देणगीदारांची नावे छापली जात. पैसे देणाऱ्याबरोबर पुस्तक किंवा अन्न देणाऱ्याचीही नोंद होई. रेल्वे, टपाल आणि छापखाना यांमुळे दूरच्या गावचा माणूसही या संस्थेचा आधार होऊ शकला.

आजही मदरशांचे ‘सफीर’ म्हणजे वर्गणी गोळा करणारे प्रतिनिधी पावतीपुस्तके घेऊन गावोगाव हिंडतात, विशेषतः रमजानमध्ये. ते जकातही गोळा करतात. जकात म्हणजे बचतीवरचा अडीच टक्के धर्मादाय. तो गरजूंच्याच हक्काचा असल्याने त्याचा हिशेब इमारती आणि पगारांसाठीच्या मदतीपासून वेगळा ठेवावा लागतो. त्यातूनच गरिबाघरच्या मुलाला जेवण, पुस्तके आणि राहण्याची जागा मिळते. ज्या घरांत शिकवणीचा खर्च अशक्य, त्या घरांना या व्यवस्थेने शिक्षणाची वाट दिली.

कसोटीचे क्षण

सरकारी पैशाशिवाय चालणाऱ्या संस्थेचा कणा स्वातंत्र्यलढ्यातही दिसला. पहिले विद्यार्थी महमूद हसन पुढे तिचे प्रमुख अध्यापक झाले, इंग्रजांविरुद्धच्या ‘रेशमी पत्रां’च्या कटात त्यांच्या हाती लागले आणि माल्टा बेटावर कैदेत राहिले. सुटकेनंतर जून १९२०मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. त्यांचे शिष्य हुसैन अहमद मदनी यांनी फाळणीला विरोध केला. अलीकडच्या काळातही ती गप्प बसली नाही: फेब्रुवारी २००८मध्ये देवबंदने मोठे संमेलन भरवून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले.

तरी आठ कलमांनी भांडणे थांबली नाहीत. १९८०मध्ये उशिराने झालेल्या शताब्दी सोहळ्यानंतर कारभारावरून फूट पडली आणि ‘दारुल उलूम वक्फ’ ही वेगळी संस्था निघाली. देवबंदच्या प्रमुखपदाशी महाराष्ट्राचा संबंध आला तो २०११मध्ये. सातपुड्याच्या पायथ्याच्या अक्कलकुव्यात मदरशाबरोबर अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण उभे करणारे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी मोहतमिम झाले, पण वादामुळे काही महिन्यांतच त्यांना पद सोडावे लागले.

देवबंदमध्ये मुलींना अजून प्रवेश नाही आणि आधुनिक विषयांचे स्थान तोकडे आहे. हे बदलायलाच हवे. तो बदल घडवण्याची ताकद ज्यांच्या पैशावर संस्था चालते, त्या सामान्य देणगीदारांकडे आहे. पावती फाडून घेणाऱ्याला प्रश्न विचारण्याचाही हक्क असतो. तो त्याने आपल्या मुलींसाठी वापरला, तर नानौतवींची कलमे आजच्या काळातही खरी ठरतील.