लुंबिनीला निघताय? आधी गोळ्या मोजा

कराडहून बुद्धगया, कुशीनगर करत लुंबिनीला जाणारी सहल सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात शिरते. तिथे आपली नेहमीची गोळी त्याच नावाने मिळेलच असे नाही. म्हणून बीपी, शुगर असणाऱ्यांनी आठवडाभर आधी उपजिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्त पुरतील इतक्या गोळ्या घ्या. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी खांद्याच्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग डिकीत जाते. बस थांबायला उशीर झाला तरी शुगरवाल्यांनी उपाशी राहू नये. बिस्किटे, खडीसाखर जवळ असावी. जुलाब लागल्यास ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटघोट प्या. डिसेंबर-जानेवारीत तिकडे कडक थंडी असते, स्वेटर-कानटोपी घ्या. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट विसरू नका.