रविवारची गोळी

परळला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत रक्ताचा कर्करोग झालेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आयांकडे बघा. पिशवीत एखादी वही असतेच. तारीख, ताप, काउंट, कुठल्या रात्री कुठली गोळी. आठवड्यातल्या एका वाराभोवती लाल गोल, समजा, रविवार. मेथोट्रेक्सेटची ती इवलीशी पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची. चुकून रोज दिली तर पोराच्या जिवावर बेततं.

या गोळीचं मूळ तिथून हाकेच्या अंतरावर सापडतं. १९२८मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयानं पांढऱ्याफटक पडत, दगावत. त्यांच्या ताटात काय असतं ते विल्सनं पाहिलं, उंदरांना आणि माकडांनाही तसंच खाऊ घातलं. उतारा निघाला मार्माइटचा! यीस्टपासून केलेला, पावाला लावायचा खारट, काळपट चिकटा. बायकांचं रक्त भरून आलं. १९३१मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक, म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड, हाती लागायला पुढं दहा-पंधरा वर्षं गेली.

रक्त बनायला जे लागतं ते रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, म्हणून बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी आजारी मुलांना त्याच कुळातली औषधं देऊन पाहिली. झालं भलतंच, रोगट पेशींनाच जोर चढलेला दिसला. मग त्यांनी डाव उलटवला: या पेशींची रसदच तोडली तर? आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाची धुरा सांभाळत होते. त्यांच्या चमूनं फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे पण कामाला निरुपयोगी रेणू तयार केले होते. पेशी ते अस्सल समजून घेते आणि नवा डीएनए बनवणं खोळंबतं. त्यातला एक रेणू दिलेल्या १६ मुलांची हकिकत फार्बर यांनी जून १९४८मध्ये छापली. दहा जणांना उतार पडला, पण तात्पुरताच. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं सख्खं भावंड.

एका औषधानं भागत नाही, हे मग कळत गेलं. स्टेरॉइड आलं, मर्कॅप्टोप्युरिन आलं, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आलं. मेंदूभोवती दडून बसणाऱ्या पेशींसाठी पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यायची पद्धत पडली. मेम्फिसला डोनाल्ड पिंकेल यांनी हे सगळं एकत्र बांधलं आणि १९६०चं दशक सरता सरता निम्मी मुलं बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत दहातली नऊ होतात.

आपल्याकडे घोडं अडतं ते बऱ्याचदा रोगावर नव्हे, जंतूंवर. केमोनं पांढऱ्या पेशींचे काउंट पडले की अंगात लढायला पेशीच उरत नाहीत. अशा वेळी मध्यरात्री आलेला ताप ‘सकाळी बघू’ म्हणण्यातला नसतो. अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हावं लागतं. गाव आणि हॉस्पिटल यांत पाच तासांची एसटी असेल तर?

हाडांचं दुखणं तर निदानाच्याही आधीपासून सुरू असतं. मज्जेत रोगट पेशींची गर्दी होते, पाय ठणकतात, पोर चालायचं नाव घेत नाही आणि कधी कधी संधिवाताचे उपचार होत राहतात. पुढं स्टेरॉइडमुळे, विशेषतः दहा वर्षांपुढच्या मुलांत, खुब्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं. म्हणून आताच्या संशोधकांना औषध वाढवण्याइतकंच ते कमी कुठं करता येईल, याचंही कुतूहल आहे. मेंदूभोवतीच्या पेशींसाठी पूर्वी डोक्याला किरणं देत, ते तर बहुतेक मुलांत थांबलंच. २०२४मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले; तिच्यात केमोला ब्लिनाटुमोमॅब या औषधाची जोड दिली होती. तीन वर्षांनी रोग न उलटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांवरून ९६वर गेलं. औषध एकेका फेरीत सलग अठ्ठावीस दिवस थेंबाथेंबानं द्यायचं. आणि त्याची किंमत ऐकून परळच्या फुटपाथवर बसलेला बाप काय म्हणेल, ते न लिहिलेलं बरं.

त्याच्यापुढं आजचा प्रश्न वेगळाच आहे. पोराचे केस पुन्हा आलेत, ते धावतंय, गावी सोयाबीन काढणीला आलंय. आता गोळ्या कशाला, असं आजी फोनवर विचारते. उपचार दोन-अडीच वर्षांचे. आई वही उघडून दाखवते: अजून चौदा महिन्यांचे लाल गोल बाकी आहेत.