फवारणीचा ड्रोन घेताय? नोंदणी 100 रुपयांत, दंड मात्र लाखापर्यंत

सोयाबीन, उसावरच्या फवारणीसाठी गावोगावी ड्रोन येऊ लागलेत. पण ‘ड्रोन नियम 2021’नुसार नोंदणीशिवाय तो उडवता येत नाही. डीजीसीएकडे ऑनलाइन अर्ज करून 100 रुपये शुल्क भरलं की गाडीच्या नंबरसारखा ड्रोनचा ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन मिळतो.

चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण लागतं. पासपोर्टची अट 2023 मध्ये निघाली; आता मतदार कार्ड किंवा रेशन कार्डही चालतं.

जुना ड्रोन घेतला तर यूआयएन आपल्या नावावर करून घ्या. नियम मोडल्यास 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भाड्याने फवारणी करून घेताना यूआयएन, प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद आधी बघा. शेजाऱ्याचं नुकसान झालं तर विमाच कामाला येतो.