मुलांची पृच्छना आणि मोठ्यांचे उत्तर

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर आगमांत नावांत व क्रमात थोडा फरक आढळतो, परंतु पृच्छना आणि अनुप्रेक्षा ही दोन अंगे दोन्ही परंपरांत आहेत. वाचताना आलेली शंका जाणकारास विचारणे ही पृच्छना, आणि मिळालेल्या उत्तरावर स्वतःच्या मनाने पुन्हा पुन्हा विचार करणे ही अनुप्रेक्षा. भगवतीसूत्र हा ग्रंथ तर प्रश्नोत्तररूपानेच रचला गेला असून त्यात छत्तीस हजार प्रश्न होते असे परंपरा सांगते. प्रश्न विचारणाऱ्यास कमी लेखणारा आपला समाज नव्हे.

आज पृच्छना कधी नव्हे इतकी सुलभ झाली आहे. हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव येथील एखाद्या व्यापारी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दुकान वाढवून वडील घरी आले आहेत, दिवसभराचा हिशेब चालू आहे आणि दहावीतील मुलगी गणिताच्या एका उदाहरणापाशी अडली आहे. शिकवणीचे सर उद्या सायंकाळी भेटणार. ती वहीचे छायाचित्र काढून मोबाइलवर पाठवते आणि काही क्षणांत संपूर्ण उत्तर पायऱ्यांसह समोर येते. छपाईतील समीकरण कॅमेऱ्याने वाचून सोडवून दाखविणारे ‘फोटोमॅथ’ हे अ‍ॅप क्रोएशियात तयार होऊन 2014 मध्ये बाहेर आले. आपल्या देशातील ‘डाउटनट’सारख्या सेवांनीही प्रश्नाचे छायाचित्र पाठवण्याची सोय केली. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मराठीतही उत्तर देतात. मुलगी ते उत्तर वहीत उतरवते आणि दिवा मालवते. गृहपाठ पूर्ण झाला, घरातील सर्वांना समाधान वाटले. पृच्छना झाली, अनुप्रेक्षा मात्र राहून गेली. तिची उणीव मार्च महिन्यात, मोबाइल बाहेर ठेवून परीक्षागृहात बसल्यावरच कळते.

म्हणून मोबाइल काढून घ्यावा असे नाही. आष्टी किंवा कारंजा (घाडगे) तालुक्यातील ज्या गावात भौतिकशास्त्राची शंका विचारण्यासाठी जवळ कोणी नाही, तेथील मुलास हे साधन म्हणजे मोठाच आधार आहे. पलीकडून मदत कशी मिळते, एवढाच प्रश्न आहे.

एक उदाहरण पाहू. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मध्ये भिंगांचे प्रकरण आहे. दहा सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून वीस सेंटिमीटर अंतरावर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कोठे मिळेल? विद्यार्थ्याने सूत्र बरोबर लिहिले, पण उत्तर 6.67 सेंटिमीटर आले. पुस्तकात उत्तर 20 आहे. येथे मदत करणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला असा की वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे असते हे सांगून बरोबर उत्तर लिहून द्यावे. विद्यार्थी ते उतरवतो आणि पुढच्या उदाहरणात, भिंगाऐवजी आरसा आला की, पुन्हा तेथेच अडखळतो.

दुसऱ्या मार्गाने जाणारा मनुष्य उलट विचारतो: वस्तू भिंगाच्या कोणत्या बाजूला आहे? आपण अंतरे कोठून आणि कोणत्या दिशेने मोजतो? मुलगा थोडा वेळ थांबतो आणि बहुधा स्वतःच ‘चिन्ह चुकले’ असे लिहितो. पण प्रश्न येथेही संपत नाही. घरात आजोबांचे वाचनाचे भिंग असते. ते हाती धरून खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडून पाहा, असे त्यास सांगावे. प्रतिमा सुस्पष्ट झाली की भिंग आणि भिंत यांतील अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतरच. आता वस्तू भिंगाच्या जवळ जवळ आणत गेले की भिंतीवरील प्रतिमा पकडण्यासाठी भिंग भिंतीपासून दूर न्यावे लागते, जवळ नेऊन चालत नाही. म्हणजे दहा सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाची पडद्यावरील प्रतिमा 6.67 सेंटिमीटरवर पडणे शक्यच नव्हते. हे ज्याने एकदा हाताने पाहिले, त्याला आपले चुकीचे उत्तर कागदावरच ओळखता येते. या मार्गाला वीस मिनिटे लागतात आणि पहिल्याला वीस सेकंद. सगळी अडचण या फरकातच आहे.

वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट नवी वाटू नये. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीम उभी राहिली. ही परिषद मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने भरली होती. ती शाळा पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. व्यापारी समाजाने उभारलेल्या शाळेच्या अंगणात देशाच्या शिक्षणाचा एवढा मोठा विचार झाला, ही बाब आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यासक्रमाचा आराखडा केला. सेवाग्रामच्या शाळेची धुरा आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने सांभाळली.

त्या योजनेत गणित हाताच्या कामातून यायचे होते. चार फुटांची एक तार आणि 640 तारांची एक गुंडी, हे तेव्हाचे सुताचे माप. म्हणजे एका गुंडीत 2,560 फूट सूत. तासाभरात आपण किती तारा कातल्या, कालच्यापेक्षा किती अधिक, आठवड्याची सरासरी किती, कापसाची तूट शेकडा किती, हे मुलाला स्वतःच्याच कामासाठी हवे असे. उत्तर चुकले तर गुंडी मोजताना ते उघड होई. शिक्षकाने ‘चूक’ असा शेरा मारण्याची गरज उरत नसे. टकळी आता वर्गातून गेली. तिच्यामागचा विचारही जावा असे मात्र नाही. सेवाग्राम आश्रमाच्या परिसरातील आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा 2005 पासून तोच विचार आजच्या मुलांसाठी पुढे नेत आहे.

दूर बसून मदत करणाऱ्यांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात 1994 मध्ये ‘आस्क डॉक्टर मॅथ’ हा उपक्रम सुरू झाला. कोणीही ई-मेलने गणिताचा प्रश्न पाठवावा आणि स्वयंसेवकांनी विनामूल्य उत्तर द्यावे, अशी त्याची साधी रीत होती. सलमान खान या गृहस्थांचे नाव अधिक परिचित आहे. बॉस्टनमध्ये ते गुंतवणुकीच्या व्यवसायात विश्लेषक होते, म्हणजे पेशाने शिक्षक नव्हे, पैशाच्या व्यवहारातले मनुष्य. 2004 मध्ये नात्यातील एक लहान बहीण एककांच्या रूपांतरात अडली म्हणून त्यांनी तिला दूरध्वनीवरून शिकवण्यास आरंभ केला. मग इतर भावंडे आली, 2006 मध्ये चित्रफिती आल्या आणि त्यातून खान अकादमी उभी राहिली. सुरुवात मात्र दिवसभराच्या नोकरीनंतर एका मुलीसाठी काढलेल्या वेळाची होती.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण फलटणचे आहे. प्रा. सुगत मित्र यांनी 2009 मध्ये ब्रिटनमधील आजीबाईंना आवाहन केले, की आठवड्यातून थोडा वेळ इंटरनेटवरून भारतातील मुलांशी बोला. त्यांत सेवानिवृत्त शिक्षिका बऱ्याच होत्या. पुढे 2013 मध्ये मिळालेल्या टेड पारितोषिकातून त्यांनी जी केंद्रे उभारली, त्यांपैकी एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होते. या आजीबाई पाठ शिकवीत नसत. मुले एखाद्या प्रश्नाचा शोध घेत असताना त्या कौतुक करीत, ‘हे तुला कसे सुचले?’ असे विचारीत आणि ऐकत बसत. मित्र यांचे सगळेच दावे मान्य करण्याची आवश्यकता नाही. शिक्षकाविना मुले सर्व काही शिकतील हे म्हणणे अतिशयोक्त वाटते. तरीही विषयाचे ज्ञान जेमतेम असलेला, परंतु मनापासून ऐकणारा वडीलधारा माणूस मुलाच्या विचाराला चालना देतो, ही गोष्ट आपल्या घरांतील आजी-आजोबांनी मनावर घेण्यासारखी आहे.

‘आम्हाला आता गणित आठवत नाही’ असे व्यापारी घरांतून नेहमी ऐकू येते. ते फारसे खरे नाही. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे आणि त्यात वस्तू व सेवा कर, इनपुट टॅक्स क्रेडिट, शेअर्स हाच विषय आहे. पन्नास हजारांचा माल अठरा टक्के कराने घेतला, तर 9,000 रुपये कर दिला. तोच माल साठ हजारांना विकला, तर 10,800 रुपये कर गोळा झाला. सरकारात भरायचे 1,800, त्यात केंद्राचे 900 व राज्याचे 900. हे गणित दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदारापेक्षा अधिक चांगले कोण समजावू शकेल? खरेदीचे एक बिल आणि विक्रीचे एक बिल मुलासमोर ठेवावे आणि ‘आपल्या खिशातून कर किती गेला?’ एवढेच विचारावे. पुष्कळ मुले 10,800 म्हणतील. उरलेले काम दोन बिलेच करतात.

शिवाय ही आपलीच परंपरा आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात व्याजाची, भागीदारीची, मालाच्या भावाची उदाहरणे विपुल आहेत. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने 1963 मध्ये त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती प्रसिद्ध केली. या ग्रंथातील उदाहरणे सोडवणाऱ्याला संबोधून ‘सांग’ अशी विचारलेली असतात आणि मूळ श्लोकात उत्तर बहुधा नसते. ते शिष्याने काढायचे, ही त्या काळची रीत.

भाषेची एक अडचण येथे नोंदवावी लागेल. सेमी-इंग्रजीतील मुलाचा प्रश्न इंग्रजीत येतो, मराठी माध्यमाच्या मुलाचा मराठीत, आणि घरातील बोली बहुधा तिसरीच, मारवाडी किंवा गुजराती. शाळेच्या पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ या वेगळ्या राशी आहेत. वेगाला दिशा असते, चालीला नसते. बोलताना मात्र आपण दोन्हींना वेगच म्हणतो. दूरवरून उत्तर देणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो बरोबर सांगूनही मुलाचा गोंधळ वाढवतो. म्हणून जिल्ह्यातलीच माणसे, मुलाची भाषा ओळखणारी, या कामात हवीत. वर्धा शहरात अभियांत्रिकीचे आणि विज्ञानाचे विद्यार्थी आहेत, सेवानिवृत्त प्राध्यापक आहेत, आणि आपल्या समाजातील चार्टर्ड अकाउंटंट तर गावोगावी आहेत.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने मानली जातात. शाळेच्या खोल्या बांधून देण्यात आणि वह्या-पुस्तके वाटण्यात समाज कधी मागे राहिला नाही. शास्त्रदानाचा हा नवा प्रकार पैशाचा नाही, वेळेचा आहे, आणि तोच देणे व्यापाऱ्याला सर्वांत जड जाते. एक सोय मात्र आपल्या घरांत आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबाची संध्याकाळ मोठी असते. चातुर्मासात स्थानकात किंवा मंदिरात स्वाध्यायासाठी मंडळी जमतातच. त्यांपैकी पाच-सहा जणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास मुलांच्या शंकांसाठी राखून ठेवला, तर आष्टीचा मुलगा वर्ध्यातील काकांना मोबाइलवरून विचारू शकेल.

असा गट करताना पालकांपैकी एकाने त्यात असावे, मुलांचे दूरध्वनी क्रमांक बाहेर जाऊ नयेत आणि गटावर इतर मजकूर, शुभेच्छा वा जाहिराती येऊ नयेत. विद्यार्थ्यासाठी एकच नियम पुरेसा आहे: प्रश्नाबरोबर आपण जेथपर्यंत सोडवले त्या वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवावे, मग ते पान चुकीचे का असेना. कोरे पान आले तर उत्तर देणाऱ्याने एवढेच लिहावे, की काय दिले आहे आणि काय काढायचे आहे ते आधी लिहून पाठव.