गाडीची बॅटरी घरीच बदलताय? आधी निगेटिव्ह वायरच का काढायची, हे समजून घ्या

मुंबईहून गणपतीला गावी यायचं, पडवीत झाकून ठेवलेल्या गाडीचं कव्हर काढायचं, चावी फिरवायची आणि बोनेटखालून फक्त ‘टक्-टक्’ आवाज यायचा. कोकणातल्या अनेक घरांना हा अनुभव नवा नाही. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात कित्येक घरांतली कर्ती माणसं मुंबईत किंवा आखाती देशांत असतात. गाडी मात्र गावी असते, आणि पावसाळाभर ती जागची हलत नाही.

म्हसळा शहरात मेकॅनिक मिळतो. पण आडवाटेच्या वाडीवर, भर पावसात, तो लगेच येईलच असं नाही. घरातल्या आजारी माणसाला रात्री माणगावला न्यायचं असेल, तर बंद पडलेली गाडी ही मोठीच अडचण ठरते. त्यामुळे अनेक जण स्वतःच पाना हातात घेतात. काम अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम चुकला तर हात भाजण्यापासून डोळ्याला इजा होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

गाडीच्या नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेट्स आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लाँते यांनी १८५९ मध्ये अशी बॅटरी पहिल्यांदा बनवली. आजही तत्त्व तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो.

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि आतला कॉम्प्युटर थोडी थोडी वीज घेतच असतात. काही आठवड्यांत बॅटरी रिकामी होते. तशीच पडून राहिली तर प्लेट्सवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग ती पूर्ण चार्जच होत नाही. त्यात समुद्राकडची खारी, दमट हवा. तिने टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर लवकर चढतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळा भागात अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी मोबाइल चार्ज करायला गाडी उपयोगी पडते. पण इंजिन बंद ठेवून तासन्‌तास चार्जिंग केलं, तर ऐन गरजेला गाडी सुरू होणार नाही.

बॅटरीच गेली आहे, हे कसं ओळखायचं?

आधी टर्मिनल बघा. थर चढला असेल किंवा क्लॅम्प सैल असेल, तर दोष बॅटरीचा नसेलही. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद करून काही तासांनी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

रिकामी म्हणजे बाद नव्हे. पूर्ण चार्ज करूनही ती लगेच उतरत असेल, तरच बदलण्याचा विचार करा. दुसऱ्या बॅटरीच्या मदतीने गाडी सुरू झाली, तर इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. तो कमी असेल तर दोष अल्टरनेटरमध्ये असू शकतो आणि मग नवी बॅटरीही उतरेल.

एक गोष्ट मात्र करू नका. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत आजच्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला महागात पडते.

धोका नेमका कशाचा?

१२ व्होल्टने सहसा शॉक लागत नाही. म्हणूनच लोक गाफील राहतात. खरे धोके तीन आहेत.

पहिला, करंट. दोन्ही टर्मिनल एखाद्या लोखंडी पान्याने जोडली गेली, तर क्षणात शेकडो अँपिअर करंट वाहतो. पाना लालबुंद होऊ शकतो. त्या वाटेत अंगठी, बांगडी किंवा गळ्यातली चेन आली, तर खोल भाजतं.

दुसरा, ॲसिड. ते कातडी आणि डोळ्यांना इजा करतं.

तिसरा, हायड्रोजन. चार्ज होताना बॅटरीतून हा वायू निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नको. नव्या बॅटरीला उदबत्ती ओवाळायची असेल, तर तीही दूरच ठेवा.

आधी निगेटिव्ह का?

बहुतेक गाड्यांची सगळी लोखंडी बॉडी निगेटिव्ह टर्मिनलला जोडलेली असते. समजा तुम्ही आधी पॉझिटिव्ह सोडवायला घेतलं आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर तिथेच शॉर्ट सर्किट होतं. निगेटिव्ह आधी काढलं की बॉडीचा बॅटरीशी संबंधच तुटतो. मग पाना लागला तरी ठिणगी उडत नाही. बसवताना याच कारणाने क्रम उलटा: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

बदलताना काय करायचं?

१. गाडी सपाट, कोरड्या आणि मोकळ्या जागी ठेवा. हँडब्रेक ओढा, इंजिन आणि दिवे बंद करा. चावी खिशात ठेवा, नाहीतर ती आत राहून दारं लॉक होऊ शकतात.

२. अंगठी, घड्याळ, चेन काढा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला.

३. रंगावर विसंबू नका, बॅटरीवरची (+) आणि (−) खूण बघा. वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

४. निगेटिव्ह क्लॅम्प सोडवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. वायर कापडात गुंडाळून बाजूला करा. मग पॉझिटिव्ह सोडवा.

५. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी काढा. बॅटरी सरळ उचला, तिरकी करू नका. लहान गाडीची बॅटरीही १० किलोच्या आसपास असते, डिझेल गाडीची त्याहून जड.

६. क्लॅम्पवर थर असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा.

७. नवी बॅटरी बसवा, पट्टी घट्ट करा. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडा. वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली तर खाऱ्या हवेत थर उशिरा चढतो.

ॲसिड डोळ्यात गेलं तर चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. गरज पडल्यास १०८ ला फोन करा.

कोणती बॅटरी घ्यायची आणि कधी हात लावायचा नाही?

जुन्या बॅटरीवरचा कोड जसाच्या तसा दुकानदाराला दाखवा. कोडच्या शेवटी ‘एल’ की ‘आर’, यावर टर्मिनल कोणत्या बाजूला ते ठरतं. चुकीची आणली तर वायरच पोहोचत नाही. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांना खास प्रकारची बॅटरी लागते. तिथे साधी बसवू नका. काही नव्या गाड्यांत बॅटरी बदलल्याची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाड नारिंगी वायरींना घरी अजिबात हात लावायचा नाही. त्यांत जिवावर बेतेल इतका व्होल्टेज असतो. बॅटरी फुगलेली, गळकी किंवा तडा गेलेली असेल, तरीही मेकॅनिकलाच बोलवा.

जुन्या बॅटरीचं काय?

ती विहिरीजवळ, परसात किंवा ओढ्याकाठी टाकू नका. आतलं शिसं माती आणि पाण्यात मिसळतं आणि त्याचा सर्वाधिक त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडे देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. सोपा मार्ग म्हणजे नवी घेताना जुनी दुकानदाराला परत देणं. शिशाला भाव असल्याने त्याचे पैसेही बिलातून कमी होतात.

आणि पुन्हा दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल, तर जाताना निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गावात कुणी गाडी चालवणारं असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा. बंद पडवीत नुसतं इंजिन चालू ठेवणं मात्र टाळा; त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.